तोडायचे कुठे? स्ट्रिंगपासून टोकनपर्यंत

संगणकाच्या मेमरीत मजकूर म्हणून जे काही साठवलेले असते, ते प्रत्यक्षात एकापुढे एक मांडलेल्या संख्यांची रांग असते. अक्षर, शब्द, वाक्य, रकाना किंवा ओळ यांपैकी कोणतीही गोष्ट त्या रांगेला स्वतःहून ठाऊक नसते. अक्षरांसाठी ठरवून दिलेल्या संख्यांच्या अशा सलग रांगेला प्रोग्रामिंगमध्ये ‘स्ट्रिंग’ म्हणतात, आणि पुढील कामाला उपयोगी पडतील असे जे तुकडे तिच्यातून पाडले जातात त्यांना ‘टोकन’ म्हणतात. खातेदारांची यादी वाचणारा प्रोग्राम असो, शोधयंत्र असो, भाषांतराची प्रणाली असो, किंवा प्रोग्रामरने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर असो, या सर्वांच्या कामाची पहिली पायरी स्ट्रिंगचे टोकनांत विभाजन करणे, म्हणजेच टोकनायझेशन, हीच असते.

ही पायरी इतकी प्राथमिक समजली जाते की पाठ्यपुस्तकांत तिच्या वाट्याला बहुधा एखाद-दुसरे पान येते. तरीही प्रोग्राम मुकाट्याने चुकीचे उत्तर देत राहतात अशा प्रसंगांचे मूळ अनेकदा याच पायरीत सापडते. त्याचे कारण असे की टोकन मजकुरात तयार पडलेले नसतात. कुठे तोडायचे हे कोणीतरी ठरवलेले असते, आणि नियम ठरवणाऱ्याने जी लिपी व जे काम डोळ्यांपुढे ठेवले असेल त्याच्याबाहेरचा मजकूर समोर आला की तो नियम फसतो. हे नियम कसे घडले, कुठे तोकडे पडले आणि मराठी मजकुराच्या बाबतीत त्यांचे काय होते, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

सी भाषेतील जुने हत्यार

डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत घडवलेल्या ‘सी’ या भाषेत स्ट्रिंग हा स्वतंत्र प्रकारच नाही. बाइटांची एक रांग आणि ती कुठे संपते हे सांगणारा शून्य किमतीचा एक बाइट, एवढीच त्या भाषेतील स्ट्रिंगची व्याख्या आहे. १९८९ मध्ये या भाषेचे अमेरिकन मानक प्रसिद्ध झाले आणि त्यातील ग्रंथालयात, म्हणजे तयार फंक्शनांच्या संग्रहात, स्ट्रिंग तोडण्यासाठी ‘स्ट्रटोक’ नावाचे फंक्शन समाविष्ट झाले, जे आजही जवळजवळ प्रत्येक सी कंपायलरसोबत मिळते. त्याला दोन गोष्टी द्याव्या लागतात: तोडायची स्ट्रिंग आणि विभाजक चिन्हांचा संच. विभाजक म्हणजे दोन टोकनांच्या मध्ये येणारे आणि स्वतः कोणत्याही टोकनाचा भाग नसणारे चिन्ह. उदाहरणार्थ स्वल्पविराम, टॅब किंवा ओळीचा शेवट.

‘पुणे,सातारा,,कोल्हापूर’ ही ओळ स्वल्पविरामावर तोडायची असे समजू. चिन्हांना संख्या ठरवून देणाऱ्या यूनिकोड या मानकाच्या युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे असल्याने तो १२ बाइट व्यापतो. तेराव्या बाइटात स्वल्पविराम असतो. स्ट्रटोक पहिल्या हाकेला या तेराव्या बाइटापर्यंत येते, तेथील स्वल्पविराम पुसून त्या जागी शून्य लिहिते आणि ‘पुणे’ जिथे सुरू होतो त्या जागेचा पत्ता परत देते. शून्य म्हणजे स्ट्रिंगचा शेवट, त्यामुळे पत्ता हाती आलेल्या प्रोग्रामला आता केवळ ‘पुणे’ दिसते. चौदाव्या बाइटाचा पत्ता फंक्शन स्वतःजवळ जपून ठेवते, आणि पुढच्या हाकेला स्ट्रिंगऐवजी रिकामा पत्ता दिला की तेथून काम पुढे चालू करते. नवीन जागा न घेता, कोणतीही नक्कल न करता, मूळ स्ट्रिंगमध्येच तुकडे पाडण्याची ही युक्ती ज्या काळी मेमरी किलोबाइटांत मोजली जात होती त्या काळाला शोभणारी होती.

या काटकसरीची किंमत मात्र तीन ठिकाणी मोजावी लागते. पहिली गोष्ट म्हणजे मूळ स्ट्रिंग शिल्लक राहत नाही. विभाजक पुसला गेल्यामुळे दोन टोकनांच्या मध्ये स्वल्पविराम होता की अर्धविराम, हेही नंतर कळत नाही, आणि स्ट्रिंग प्रोग्राममध्येच अवतरणांत लिहिलेली, म्हणजे न बदलण्याजोगी असेल तर तिच्यात शून्य लिहिण्याच्या प्रयत्नातच प्रोग्राम बंद पडू शकतो. दुसरी गोष्ट जपून ठेवलेल्या त्या एकमेव पत्त्याची. एखाद्या प्रोग्रामने आधी मजकूर ओळींत तोडायचा आणि प्रत्येक ओळ हाती आली की ती स्वल्पविरामावर तोडायची असे ठरवले, तर आतल्या कामासाठी दिलेली हाक बाहेरच्या कामाचा जपलेला पत्ता पुसून टाकते. पहिली ओळ व्यवस्थित तुटते आणि उरलेल्या सर्व ओळी कोणतीही तक्रार न नोंदवता गळून जातात. एका वाचकाने पुस्तकात घातलेली खूण दुसऱ्याने काढून आपल्या पानात घालावी, तसा हा प्रकार आहे. एकाच वेळी अनेक कामे समांतर चालवणाऱ्या प्रोग्रामात हाच दोष अधिक अनिश्चित रूप घेतो, कारण कोणाची खूण केव्हा हलेल याचा अंदाज तेथे बांधता येत नाही. त्यामुळेच पॉझिक्स या मानकाने ‘स्ट्रटोक-आर’ हे सुधारित रूप दिले, ज्यात पुढचा पत्ता ठेवण्याची जागा हाक मारणाऱ्यानेच पुरवायची असते.

तिसरी गोष्ट वरच्या उदाहरणात दडलेली आहे. साताऱ्यानंतर दोन स्वल्पविराम लागोपाठ आले आहेत आणि त्यांच्यामधला रकाना रिकामा आहे. परंतु स्ट्रटोक लागोपाठच्या विभाजकांना एकच समजते, त्यामुळे पुणे, सातारा आणि कोल्हापूर अशी तीनच टोकन हाती येतात. चौथा रकाना जिल्ह्याचा असावा अशी मांडणी असेल तर कोल्हापूर आता तिसऱ्या रकान्यात बसते आणि त्यापुढचा सगळा हिशेब एका घराने सरकतो. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स परंपरेत तयार झालेले ‘स्ट्रसेप’ हे फंक्शन रिकामे टोकनही परत देते, ते याच उणिवेवरचा उपाय म्हणून.

रिकाम्या टोकनाचे दोन अर्थ

लागोपाठचे विभाजक एक धरायचे की वेगळे, या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. लिहिणाऱ्याने दोन शब्दांच्या मध्ये चुकून दोन मोकळ्या जागा सोडल्या असतील तर त्यांच्यामध्ये एक रिकामा शब्द आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु माहितीच्या तक्त्यात दोन स्वल्पविरामांमधली रिकामी जागा म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’ असे स्पष्ट विधान असते. गद्य मजकूर आणि तक्ता या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने त्यांना दोन वेगळे नियम लागतात.

खिदो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथन भाषेतील ‘स्प्लिट’ ही क्रिया हे दोन्ही नियम एकाच नावाखाली सांभाळते. तिला विभाजक दिलाच नाही तर ती मोकळ्या जागा, टॅब आणि ओळींचे शेवट यांचा कितीही लांब पट्टा एकच विभाजक मानते आणि रिकामे टोकन कधीच देत नाही. परंतु विभाजक म्हणून एक मोकळी जागा स्पष्टपणे दिली तर ती प्रत्येक मोकळी जागा स्वतंत्र धरते. म्हणून ‘सोलापूर’ आणि ‘बार्शी’ यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा असल्या तर पहिल्या पद्धतीने दोन टोकन मिळतात आणि दुसऱ्या पद्धतीने तीन, ज्यांतील मधले रिकामे असते. पूर्णपणे रिकाम्या स्ट्रिंगच्या बाबतीतही हाच भेद दिसतो: विभाजकाविना शून्य टोकन, आणि स्वल्पविराम दिल्यास एक रिकामे टोकन. दोन्ही उत्तरे सुसंगत आहेत, परंतु ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

जावा भाषेच्या पहिल्या आवृत्तीत ‘स्ट्रिंग-टोकनायझर’ नावाचा वर्ग होता, जो स्ट्रटोकप्रमाणेच रिकामी टोकन गाळत असे. नव्या प्रोग्रामांत तो वापरू नये अशी शिफारस आता त्या भाषेच्या अधिकृत दस्तऐवजातच केलेली आहे. २००२ मधील १.४ या आवृत्तीपासून त्याच्या जागी ‘स्प्लिट’ आले, परंतु तेथे विभाजक हा साधे चिन्ह नसून नियमित पदावली असते. नियमित पदावली म्हणजे चिन्हांच्या रचनेचे वर्णन करणारे छोटे सूत्र, आणि अशा सूत्रात पूर्णविरामाचा अर्थ ‘कोणतेही एक चिन्ह’ असा असतो. परिणामी ‘१२.०५.२०२४’ ही तारीख पूर्णविरामावर तोडू पाहणाऱ्या नवशिक्याला दिवस, महिना आणि वर्ष मिळण्याऐवजी काहीच मिळत नाही: प्रत्येक चिन्ह विभाजक ठरते, त्यांच्यामधली टोकन रिकामी निघतात आणि शेवटची रिकामी टोकन टाकून देण्याच्या जावाच्या नियमामुळे तीही नाहीशी होतात.

विभाजकच जेव्हा मजकूर असतो

विभाजक चिन्ह टोकनाच्या आत कधीच येणार नाही, असे वरच्या सर्व नियमांनी गृहीत धरलेले आहे. व्यवहारातील मजकूर ही अट पाळत नाही. ‘शनिवार पेठ, पुणे’ हा पत्ता एका रकान्यात बसणारा असला तरी स्वल्पविरामावर तोडताच तो दोन रकान्यांत विभागला जातो, आणि ‘१,२५,०००’ ही भारतीय पद्धतीने लिहिलेली रक्कम ‘१’, ‘२५’ आणि ‘०००’ अशा तीन टोकनांत फुटते, ज्यांपैकी एकही रक्कम खरी नसते.

स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या तक्त्यांची, म्हणजे सीएसव्ही फायलींची, रीत अनेक वर्षे केवळ वहिवाटीने चालत आली होती. ऑक्टोबर २००५ मध्ये आरएफसी ४१८० या दस्तऐवजात ती प्रथमच नीट लिहून काढली गेली. तिच्यानुसार ज्या रकान्यात स्वल्पविराम, ओळीचा शेवट किंवा दुहेरी अवतरणचिन्ह येते तो रकाना दुहेरी अवतरणांत बंद करायचा, आणि त्याच्या आतले अवतरणचिन्ह दोनदा लिहायचे. ही रीत मान्य केली की कोणताही स्वल्पविराम स्वतःपुरता पाहून तो विभाजक आहे की नाही हे सांगता येत नाही. फाइलीच्या आरंभापासून तेथवर अवतरण उघडे आहे की मिटलेले, हे लक्षात ठेवावे लागते. तोडण्याच्या क्रियेला अशा रीतीने ‘अवस्था’ प्राप्त होते, आणि म्हणूनच सीएसव्ही फाइल साध्या स्प्लिटने न वाचता त्यासाठी तयार केलेल्या ग्रंथालयानेच वाचावी, असा सल्ला अनुभवी प्रोग्रामर देतात.

कंपायलर शब्द कसे ओळखतो

ही अवस्थांची कल्पना सर्वांत पूर्णत्वास गेली ती कंपायलरांच्या क्षेत्रात. कंपायलरचा जो भाग प्रोग्रामचा मजकूर वाचून टोकन काढतो त्याला ‘लेक्सर’ म्हणतात. ‘एकूण = दर * नग + कर’ हे विधान त्याच्यासमोर आले तर तो त्यातून सात टोकन काढतो आणि प्रत्येकावर प्रकाराची मोहोर लावतो: एकूण, दर, नग आणि कर ही नावे, बरोबरचे चिन्ह ही नेमणूक, आणि गुणाकार व बेरीज या क्रिया. येथे विभाजक शोधण्याऐवजी टोकनांचेच वर्णन केलेले असते, त्यामुळे चिन्हांच्या मधल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या तरी तीच सात टोकन मिळतात.

अशा वर्णनाचा गणिती पाया अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५०च्या दशकात नियमित पदावलींच्या रूपाने घातला. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये अशी पदावली मजकुरात वेगाने शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. आणि १९७५ मध्ये बेल लॅब्जमधील माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी ‘लेक्स’ हे साधन तयार केले, ज्याला टोकनांची वर्णने दिली की लेक्सरचा प्रोग्राम ते स्वतःच लिहून देते.

वर्णने एकमेकांत गुंतली तर काय करायचे, हा प्रश्न मात्र उरतोच. बहुतेक भाषांनी त्यावर ‘मिळेल तेवढे लांब टोकन घ्यावे’ असा नियम केला आहे. सी भाषेत एक अधिकचिन्ह म्हणजे बेरीज आणि जोडलेली दोन अधिकचिन्हे म्हणजे किंमत एकाने वाढवणे. म्हणून ‘अ+++ब’ या मजकुरातून अ, जोड अधिक, अधिक आणि ब अशी टोकन निघतात आणि विधान वैध ठरते. ‘अ+++++ब’ मधून मात्र दोन जोड अधिक आणि त्यानंतर एक सुटे अधिक निघते, जे व्याकरणात बसत नाही. जोड, सुटे आणि पुन्हा जोड अशी अर्थपूर्ण फोड शक्य असूनही लेक्सर मागे वळून पाहत नसल्याने कंपायलर चूक दाखवतो. याच नियमामुळे सी-प्लस-प्लस भाषेत दोन कोनकंस लागोपाठ मिटवताना त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडावी लागत असे, कारण ते जोडून आले की उजवीकडे सरकवण्याच्या क्रियेचे एकच टोकन बनत असे. ही अडचण २०११च्या मानकाने दूर केली.

१९५७ मध्ये आलेल्या फोरट्रान भाषेने तर मोकळ्या जागेला काहीच अर्थ दिला नव्हता. एक ते दहापर्यंतची आवर्तने सांगणाऱ्या ‘डीओ १० आय = १,१०’ या विधानात स्वल्पविरामाऐवजी चुकून पूर्णविराम पडला, तर कंपायलर मोकळ्या जागा गाळून ‘डीओ१०आय’ नावाच्या चलाला १.१० ही किंमत देऊन मोकळा होई, आणि नाव आधी जाहीर करण्याचे बंधन नसल्याने कोणतीही चूक नोंदली जात नसे. मोकळ्या जागेला अर्थ देणारी मुक्त मांडणी त्या भाषेत फोरट्रान ९० या मानकाने आणली.

देवनागरीत एक अक्षर म्हणजे किती?

आतापर्यंतच्या नियमांमागे एक गृहीतक होते: चिन्ह म्हणजे काय हे सर्वांना ठाऊक आहे. रोमन लिपीत ते बहुतांशी खपून जाते. देवनागरीत ते टिकत नाही. यूनिकोडने देवनागरीसाठी १२८ संकेतांकांचा, म्हणजे चिन्हांना द्यायच्या संख्यांचा, पट्टा राखून ठेवला आहे आणि त्यात व्यंजने, स्वर, काना-मात्रा, अनुस्वार व हलन्ताचे चिन्ह यांना स्वतंत्र संकेतांक दिलेले आहेत. परिणामी ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचणाऱ्याला म, हा, रा आणि ष्ट्र अशा चार अक्षरांचा वाटत असला तरी यूनिकोडच्या हिशेबाने तो १० संकेतांकांचा आणि युटीएफ-८ मध्ये ३० बाइटांचा ठरतो. ज्याला वाचक एक अक्षर मानतो अशा संकेतांकांच्या गटाच्या सीमा सांगणारे नियम यूनिकोडच्या जोडपत्रात दिलेले आहेत; परंतु देवनागरीतील जोडाक्षर हा एकच गट मानावा, ही तरतूद त्यांत सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीपर्यंत नव्हती.

बाइट, संकेतांक आणि अक्षर या तीन पातळ्यांची गल्लत झाली की काय होते, हे दंडाच्या उदाहरणाने स्पष्ट दिसते. जुन्या ओव्या-अभंगांचा मजकूर दंडावर तोडण्यासाठी एखाद्याने स्ट्रटोकला विभाजक म्हणून ‘।’ हे चिन्ह दिले, तर ते फंक्शन त्याकडे एक चिन्ह म्हणून पाहत नाही. त्याला २२४, १६५ आणि १६४ असे तीन बाइट दिसतात आणि त्यांतील प्रत्येक जण स्वतंत्र विभाजक ठरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो, त्यामुळे सगळ्या मजकुराचा भुगा होऊन प्रत्येक चिन्हाचा केवळ शेवटचा बाइट उरतो. आणि ‘त’ या व्यंजनाचे बाइट २२४, १६४, १६४ असल्याने ते तर समूळ नाहीसे होते. स्वल्पविरामावर तोडताना हे संकट येत नाही, कारण केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये युटीएफ-८ची आखणी करताना जुन्या आस्की संचातील बाइट इतर कोणत्याही चिन्हाच्या पोटात येणार नाही अशी खबरदारी घेतली होती.

बाइटांची पातळी ओलांडून संकेतांकांपर्यंत आलेल्या आधुनिक भाषाही येथे चुकतात. पायथनच्या नियमित पदावलीत ‘शब्दात येऊ शकणारे चिन्ह’ असा एक तयार वर्ग आहे, आणि मजकुरातून शब्द वेचण्यासाठी तोच सर्रास वापरला जातो. या वर्गात व्यंजने आणि स्वर येतात, परंतु काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त येत नाहीत, कारण यूनिकोडने त्यांची नोंद अक्षरांच्या गटात न करता अक्षराला जोडून येणाऱ्या चिन्हांच्या गटात केली आहे. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दातून ‘मर’ आणि ‘ठ’ अशी दोन टोकन निघतात, ‘पुस्तक’ मधून ‘प’, ‘स’ आणि ‘तक’ अशी तीन, आणि ‘नगर’ किंवा ‘कमल’ असा काना-मात्रा नसलेला शब्द तेवढा धडधाकट राहतो. हीच भाषा २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना देवनागरी नावे देऊ देते, त्यामुळे वरचे ‘एकूण = दर * नग + कर’ हे विधान तिचा लेक्सर बिनतक्रार वाचतो; मात्र तोच ‘एकूण’ शब्द तिच्या नियमित पदावलीकडे दिला की त्याचे ‘एक’ आणि ‘ण’ होतात. एकाच साधनाच्या दोन भागांत शब्दाच्या दोन व्याख्या नांदत असल्याचा हा पुरावा आहे.

मराठीच्या खास ‘ऱ्य’ या जोडाक्षराने यात आणखी भर घातली आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र खालच्या टिंबाच्या ऱ ला हलन्त जोडून लिहिता येतो, तसाच साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संकेतांकांची रांग वेगळी असल्याने प्रोग्रामच्या लेखी ते दोन भिन्न शब्द असतात, आणि एका रूपाने शोध घेणाऱ्याला दुसऱ्या रूपातील मजकूर सापडत नाही. म्हणूनच मराठी मजकूर तोडण्यापूर्वी तो एका ठरावीक रूपात आणून घेणे आवश्यक ठरते.

शब्दाची सीमा आणि वाक्याची सीमा

अक्षरे सुखरूप राहिली तरी शब्द कुठे संपतो हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर भाषेगणिक बदलते. चिनी, जपानी आणि थाई लिपींत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडली जात नाही. मराठी लेखनासाठी काही शतके वापरल्या गेलेल्या मोडी लिपीतही आधी रेघ आखून तिच्याखाली शब्द न तोडता सलग लिहिण्याची रीत होती. आजची मराठी मोकळी जागा सोडते, परंतु विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटवून लिहिते. हिंदीत ‘घर के सामने’ असे तीन तुकडे होतात तेथे मराठीत ‘घरासमोर’ हा एकच शब्द होतो, आणि त्यापुढे ‘घरासमोरचा’, ‘घरासमोरच्यांना’, ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ अशी मालिका लांबत जाते. शिवाय प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होत असल्याने ‘देऊळ’चे ‘देवळात’ आणि ‘पाणी’चे ‘पाण्याला’ होते, म्हणजे शेवटचा प्रत्यय कापून टाकला तरी मूळ शब्द हाती येत नाही. केवळ मोकळ्या जागेवर तोडणाऱ्या शोधयंत्राला ही सर्व रूपे परस्परांशी संबंध नसलेली वाटतात. त्यामुळे मराठीसाठी टोकनानंतर रूपविश्लेषणाची, म्हणजे प्रत्यय ओळखून मूळ शब्दापर्यंत जाण्याची, पायरी जोडावी लागते.

वाक्यांचीही हीच गत आहे. ‘पु. ल. देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला.’ हे एक वाक्य पूर्णविरामावर तोडले तर ‘पु’ आणि ‘ल’ ही दोन स्वतंत्र वाक्ये बनतात. आद्याक्षरे, ‘डॉ.’, ‘इ. स.’, ‘रु.’ यांसारखी संक्षिप्त रूपे आणि दशांशचिन्ह यांची दखल घेणारा नियम नसेल तर मराठी मजकुरातील वाक्यांची मोजदाद विश्वासार्ह राहत नाही.

भाषा-प्रारूपांची टोकन

माणसाने नियम लिहिण्याऐवजी ते मजकुरातूनच काढावेत, हा विचार अलीकडच्या भाषा-प्रारूपांनी, म्हणजे प्रचंड मजकुरावर शिकून नवा मजकूर रचणाऱ्या प्रणालींनी, स्वीकारला आहे. त्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी रीत फिलिप गेज यांनी १९९४ मध्ये माहितीचा आकार कमी करण्यासाठी सुचवली होती: मजकुरात शेजारीशेजारी सर्वाधिक वेळा येणारी जोडी शोधायची, तिला एक नवे चिन्ह द्यायचे, आणि हेच पुन्हापुन्हा करत जायचे. रिको झेनरिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून ती यांत्रिक भाषांतरात आणली. या रीतीने वारंवार येणारे शब्द एकेक टोकन बनतात आणि दुर्मीळ शब्द लहान तुकड्यांतून जुळवले जातात, त्यामुळे अनोळखी शब्दाची अडचण उरत नाही.

निःपक्षपाती वाटणाऱ्या या रीतीतही आधी ठरवलेले नियम शिरतात. २०१९ मधील जीपीटी-२ या प्रारूपाच्या ५०,२५७ टोकनांचा संग्रह मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून तयार झाला होता, आणि जोड्या शोधण्यापूर्वी मजकुराची जी ढोबळ फोड केली जात होती तिच्या सूत्रात अक्षरांचा गट होता, पण त्यांना जोडून येणाऱ्या चिन्हांचा नव्हता. परिणामी देवनागरी शब्द प्रत्येक काना-मात्रेपाशी आधीच तुटत असे आणि तो कितीही वेळा आला तरी एकसंध टोकन बनूच शकत नसे. प्रारूप एका वेळी किती टोकन लक्षात घेऊ शकते याला मर्यादा असते आणि सेवेचे शुल्कही टोकनांवर आकारले जाते, म्हणून जास्त तुकडे पडणाऱ्या भाषेच्या वापरकर्त्याला त्याच मजकुरासाठी अधिक पैसे मोजावे लागतात आणि जागाही कमी मिळते. मे २०२४ मध्ये ओपन-एआय या कंपनीने जीपीटी-४ओ सोबत नवे टोकनायझर आणले, तेव्हा तिने दिलेल्या नमुन्यातील मराठी मजकुराची टोकन ९६ वरून ३३ वर आली, तर त्याच आशयाच्या इंग्रजी मजकुराची २७ वरून २४ वर. मराठी तीच, आशय तोच. बदलला होता तो केवळ तोडण्याचा नियम.

निष्कर्ष

स्ट्रटोकपासून भाषा-प्रारूपांपर्यंतच्या या प्रवासातून निघणारा निष्कर्ष असा की स्ट्रिंग तोडण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे लेखी ठरलेली असली पाहिजेत: विभाजक कोणता, लागोपाठच्या विभाजकांमधले रिकामे टोकन ठेवायचे की गाळायचे, विभाजक टोकनाच्या आत आला तर तो कसा ओळखायचा, आणि मोजमापाचे एकक बाइट, संकेतांक की अक्षर. हे प्रश्न प्रोग्रामरने सोडवले नाहीत तर ग्रंथालयातील तयार फंक्शन आपल्या रीतीने सोडवते, आणि ती रीत बहुतेक वेळा इंग्रजी मजकूर नजरेपुढे ठेवून आखलेली असते. मराठीसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या चाचण्यांत जोडाक्षरे, ‘दुसऱ्या’सारख्या शब्दाची दोन्ही रूपे, ‘१,२५,०००’सारखी रक्कम आणि आद्याक्षरांसह एक नाव यांचा समावेश अवश्य करावा; ही चाचणी पार न करणारा प्रोग्राम इंग्रजीत कितीही अचूक चालत असला तरी मराठीसाठी तो अपुराच समजावा.